समोर बसून लावलेलं मलम

मी तोंडाची फटकळ आहे, हे आमच्या दवाखान्यात सगळ्यांना ठाऊक आहे. पेशंट घाबरतात, डॉक्टरीणबाईसुद्धा जरा जपूनच असतात. पण औषधांच्या संशोधनात फटकळ नर्सच लागते. पेशंटने गोड बोलून थापा मारायच्या आणि आपण माना डोलवायच्या, असं झालं की सगळी मेहनत पाण्यात.

अभ्यास हातांच्या सोरायसिसवर होता. तळवे सोलवटलेले, नखांवर टाचणीने टोचल्यासारखे बारीक खड्डे. प्रत्येकाला दोन ट्यूब दिलेल्या, एक डाव्या हाताची, एक उजव्या हाताची. एकीत औषध, दुसरीत नुसतं साधं मलम. कुठल्या ट्यूबमध्ये काय, ते पेशंटला माहीत नाही, मला नाही आणि डॉक्टरीणबाईंनाही नाही. शेवटी कुठला हात बरा झाला, त्यावरून औषध कळणार.

त्यात एक काका-काकू होते. काका गाडी शिकवायचे, आता घरीच असतात. काकूंच्या हातांत भर उन्हाळ्यातसुद्धा हातमोजे. पहिल्याच दिवशी काकांनी मला बाजूला घेतलं.

"सिस्टर, मलम मी लावलं तर चालेल?"

"का? त्यांना स्वतःला लावता येत नाही?"

"येतं हो. पण कित्येक वर्षांत तिने मला हात धरू दिलेला नाही. धरायला गेलो की मागे घेते. म्हणते, तुम्हाला किळस येईल. मला कसली आलीय किळस! औषधाचं निमित्त असलं तर कदाचित नाही म्हणणार नाही."

मी "चालेल" म्हटलं आणि उगाच कपाट उघडून आत बघत राहिले. रडका चेहरा दाखवायची मला सवय नाही.

पुढे दोघं नेमाने येऊ लागले. काकूंची भीडही चेपली. "हे मलम लावतात ना सिस्टर, एवढं हळू, की पहिल्या गिअरमध्ये घाट चढताहेत असं वाटतं," म्हणाल्या. काका नुसते हसले. आताशा सकाळच्या चहानंतर दोघांचा तो कार्यक्रमच झाला होता, बाहेर कुणी बेल वाजवली तरी काका उठायचे नाहीत. हात दोन्ही बरे दिसत होते. तिथेच माझी शंका जागी झाली. एकीत साधं मलम असताना दोन्ही हात कसे सुधारतील?

"काका, लावून दाखवा."

काकांनी खुर्ची ओढली, काकूंच्या अगदी समोर बसले, 'डावा' लिहिलेली ट्यूब घेतली आणि डावीकडचा हात धरला. स्वतःच्या डावीकडचा. म्हणजे काकूंचा उजवा!

"अहो काका! हा उजवा हात आहे त्यांचा! जन्मभर लोकांना डावं-उजवं शिकवलंत ना?"

"अहो सिस्टर, पण गाडीत शिकणारा माझ्या शेजारी बसायचा," काका पांढरेफटक पडून म्हणाले. "समोर कुणीच नसायचं."

हसू दाबत मी त्यांची नोंदवही उघडली. रोज तसंच उलटं लावलं असतं तर निदान हिशेब उलटा करून भागलं असतं. पण मधे काका तापाने पडले होते, तेव्हा काकूंनी आपलं आपण लावलं होतं, तेही बरोब्बर. दोन्ही हातांवर दोन्ही मलमं. सगळा घोळ.

डॉक्टरीणबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "तुम्हाला अभ्यासातून काढावं लागेल. वाईट वाटून घेऊ नका, उपचार थांबणार नाहीत. आता सरळ गोळ्या सुरू करू. मलमाची कटकटच नको."

काकू खूश झाल्या. काका मात्र रिकाम्या हातांनी बसून राहिले. म्हणाले, "गोळी काय, ती आपली आपणच घेईल."

बाईंना वाटलं, गोळ्यांची काळजी वाटतेय. त्या समजावू लागल्या, सोप्या आहेत, पाण्याबरोबर घ्यायच्या. मला एवढा राग आला म्हणून सांगू! बाईंचा नाही, कुणाचाच नाही. चांगलं व्हायचं आणि त्यातच या माणसाचं एवढंसं सुख जायचं, त्याचा राग. काहीतरी बोलावं म्हणून तोंड उघडलं, तर एक शब्द फुटेना. माझ्या!

काकू मात्र नवऱ्याकडे बघत होत्या. बराच वेळ.

"डॉक्टर," त्या म्हणाल्या, "गोळ्यांबरोबर साधं मलम लावलं तर काही बिघडेल?"

"बिघडेल कशाला? कातडी मऊ राहील. पण नुसत्या त्याने रोग बरा होणार नाही हं."

"रोगासाठी नाही हो विचारत," काकू म्हणाल्या आणि आपण होऊन काकांपुढे हात केला.