कुटून द्या

मी वॉर्डातला खल बोलतोय. ऐकायचं असेल तर बसा, पण जरा लांबच बसा, माझ्या तोंडाला वास येतो. कडू, आंबूस, मध्येच कुस्करलेल्या केळ्याचा. माझी मलाच शिसारी येते, तिथे तुमचं काय!

जन्म तसा चांगल्या घरचा. पांढऱ्या मातीचा मी, भट्टीतून निघालेला. बाहेरून गुळगुळीत, आतून मुद्दाम खरखरीत ठेवलेला, गोळी निसटू नये म्हणून. बत्ता माझ्या जोडीचा. त्याला बोलण्याचं अंग नाही, दणके देणं तेवढं येतं. पण इतकी वर्षं एकत्र काढली, आता काय नावं ठेवायची!

सुरुवातीची वर्षं नर्सिंगच्या शाळेत गेली. तिथे शिकवणाऱ्या बाई आवाजानं मऊ आणि नेमाच्या पक्क्या. मुली माझ्यात खडूचे तुकडे कुटायच्या. एक तुकडा कुटला की मला धुवायचं, कोरडं करायचं, मगच दुसरा. मुली कुरकुरायच्या, "बाई, खडूच तर आहे!"

बाई म्हणायच्या, "आज खडू आहे गं. पण हात उद्याही हेच करणार ना?"

बाई निवृत्त झाल्या, शाळेच्या सामानाची वाटणी झाली आणि मी या वॉर्डात आलो. ट्रॉलीच्या खालच्या फळीवर जागा मिळाली. वरच्या फळीवर औषधं, आणि औषधांच्या मध्ये कुणाचा तरी अर्धा प्यालेला चहा.

आता जे सांगणार आहे ते जेवताना ऐकू नका. इथे मला धुणं म्हणजे फुंकर मारणं. फार झालं तर कुणीतरी बोट फिरवून भुकटी काढायचं आणि ते बोट झग्याला पुसायचं. दोन नंबर खाटेवरच्या बाईची झोपेची गोळी माझ्यात कुटली, की तिच्याच राखेवर पाच नंबरच्या आजोबांची साखरेची गोळी. आजोबा दुपारभर पेंगायचे आणि सगळे कौतुकानं म्हणायचे, "बघा, कसे शांत झोपलेत!" चार चार गोळ्या एकदम टाकायच्या, वर पाणी, ढवळलं, दिलं. एकदा एक गोळी जमिनीवर पडली. उचलली, फुंकली, माझ्यात टाकली. त्या गोळीला केस चिकटला होता. मी काय करणार? मला ओकताही येत नाही.

आणखी एक रीत मी इथेच पाहिली. गोळ्यांची पट्टी आली की कात्रीनं कचाकचा एकेक गोळी सुटी करून डब्यात टाकून ठेवायची. कामाच्या घाईत सोयीचं पडतं म्हणे. पट्टीवर औषधाचं नाव, मुदत, सूचना असं सगळं लिहिलेलं असतं. कात्री चालली की एका गोळीच्या वाट्याला नावाची दोन अक्षरं, दुसरीच्या वाट्याला नुसती चांदी. उरलेले कपटे कचऱ्यात.

या कात्रीच्या, फुंकरीच्या आणि चहाच्या राज्यात सात नंबरला शिंपीकाका आले. अर्धांगाचा झटका येऊन गेलेला. जीभ जड, घास घशात अडकायचा, गोळी तर ठसका लागून परत यायची. काकू सारख्या उशाशी. त्यांनीच मोठ्या सिस्टरांना गळ घातली, "ताई, तेवढ्या गोळ्या कुटून द्या हो. जीव घुसमटतो त्यांचा."

सिस्टर मनाच्या वाईट नव्हत्या. वीस खाटा, हाताखाली दोघीच, सकाळपासून पायाला भिंगरी. त्यांनी पुठ्ठ्यावर ठळक लिहिलं, 'गोळ्या कुटून द्या', आणि खाटेच्या डोक्याशी अडकवलं. झालं. त्या दिवसापासून सात नंबरच्या नावानं जे येईल ते माझ्या पोटात. पाटी म्हणते ना, मग झालं!

सोमवारी सकाळी आठला काकांना एक नवी गोळी सुरू झाली, रक्तदाबाची आणि हृदयाचे ठोके आवरणारी. सिस्टरांनी ती माझ्यात टाकली आणि पहिल्याच दणक्याला मला कळलं की ही गोळी वेगळी आहे. बाकीच्या गोळ्या चटकन भुगा होतात. ही आत थरांची होती, दाटून बसवलेली, दिवसभर थेंबथेंब झिरपावी म्हणून कुणीतरी डोकं लावून केलेली. बत्त्यानं तिची पार माती केली. चोवीस तासांचं औषध दोन चमचे केळ्यात कालवून काकांच्या पोटात एकदम गेलं. मी ओरडलो असतो, पण खलाचं ओरडणं कुणाला ऐकू येतं?

दहा वाजता काका पांढरेफटक पडले. नाडी शेहेचाळीस. "अशक्तपणा," सगळे म्हणाले. मंगळवारी पुन्हा तीच गोळी, पुन्हा तोच भुगा. दहाला व्यायामवाले सर त्यांना बसवायला गेले, तर काकांची मान कलंडली. "काल रात्रीची झोप झाली नसेल." संध्याकाळनंतर मात्र औषध संपून जायचं आणि रक्तदाब चढायचा. बुधवारी सकाळी सहाला डॉक्टरांनी तो चढलेला आकडा पाहिला आणि मात्रा दुप्पट केली. त्यांना वाटलं, औषध कमी पडतंय. माझ्याबद्दल त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

बुधवारी औषधं द्यायची पाळी होती शिकाऊ मुलीची. सगळे तिला 'प्रश्नपत्रिका' म्हणायचे. हे का, ते कशाला, आधी का नाही, नंतर का नाही! मोठ्या सिस्टर तिला बघितलं की कपाळाला हात लावायच्या.

ती आली, आधी हात धुतले. मग मला नळाखाली धरलं आणि ब्रशनं घासलं. किती वर्षांनी! माझ्यातून जे निघालं ते बघून ती तोंड वळवून "ई" म्हणाली. मला लाज वाटली आणि बरंही वाटलं.

मग काकांच्या मनगटावरचा नावाचा पट्टा वाचला, नाव विचारलं. काका "शिं... शिं..." करत राहिले, काकूंनी पूर्ण केलं. ती बोटांवर मोजत पुटपुटत होती. माणूस बरोबर, औषध बरोबर, मात्रा बरोबर, वेळ बरोबर, देण्याची रीत... इथे चौथ्या बोटावरून पाचव्यावर येताना ती अडखळली. दोन गोळ्या माझ्यात पडलेल्या होत्या, बत्ता तिच्या हातात होता, आणि नजर नाडी-रक्तदाबाच्या तक्त्यावर.

"अगं ए प्रश्नपत्रिके, पेपर सुटला का?" पलीकडून मोठ्या सिस्टर. "बीपी बघ किती चढलंय! दे लवकर."

"सिस्टर, सकाळी चढतं. पण दहाला बघा ना. सोमवारी नाडी शेहेचाळीस, काल चव्वेचाळीस. गोळी दिल्यावर दोन तासांत. दोन्ही दिवस."

"आजारी माणूस आहे, खाली-वर होणारच. डॉक्टरांना काय कळत नाही?"

"डॉक्टरांना माहीत आहे का, आपण कुटून देतो ते?"

सिस्टरांचा चेहरा लाल झाला. "पाटी दिसत नाही तुला? आण इकडे, मी कुटते. तुझी प्रात्यक्षिकाची वही माझ्याकडेच यायचीये सहीला, विसरू नकोस."

त्या पुढे आल्या. मुलीनं बत्ता खाली ठेवला आणि तळहात माझ्या तोंडावर झाकणासारखा धरला. त्या हाताखाली दोन अख्ख्या गोळ्या होत्या, आणि त्या हाताच्या पलीकडे एका माणसाचं हृदय.

"सिस्टर, सही नका करू हवं तर. पण मला आधी पट्टी वाचू द्या."

"कुठाय पट्टी?"

खरंच, कुठे होती? तिच्याकडे चांदीचे दोन चौकोन, एकावर नावाचं शेपूट, दुसऱ्यावर काहीच नाही. तिनं मला काकूंच्या मांडीवर ठेवलं. "काकू, कुणाला देऊ नका." मग हातमोजे घातले आणि ट्रॉलीखालचा कचऱ्याचा डबा जमिनीवर उपडा केला.

काय काय निघालं त्यातून! केळ्याची काळी सालं, चहात भिजलेला कागद, कुणाच्या तरी कफाचा कापूस. त्या घाणीत ती गुडघे टेकून कपटा कपटा निवडत होती. दोघी-तिघी नाकाला पदर, रुमाल लावून बघत होत्या. दोनदा तिनं मान बाजूला केली, पण उठली नाही.

शेवटी एक चिकट कपटा सापडला. तिनं तो पुसला, आपल्या चौकोनाला जोडून धरला. कात्रीची कड कडेला बसली. बारीक अक्षरं होती, पण होती: अख्खी गिळावी. चावू नये. कुटू नये.

सिस्टरांनी कपटा हातात घेतला. चष्मा वर केला, खाली केला, पुन्हा वाचला. मग काकूंच्या मांडीवरून मला उचललं आणि त्या दोन गोळ्या बाहेर काढून मला टेबलावर ठेवलं, ठेवलं म्हणजे आपटलंच. "फोन लावते डॉक्टरांना," म्हणाल्या. आवाज ओळखू येत नव्हता.

डॉक्टर धावत आले. गोळी थांबवली, हृदयाचा आलेख काढला, दर पंधरा मिनिटांनी नाडी बघायला सांगितली. फार्मासिस्टला विचारून, गिळायला त्रास असलेल्या माणसाला चालेल असं दुसरं औषध ठरवलं. ते सगळं मी ऐकत होतो. पण माझं लक्ष काकूंकडे होतं. त्यांना हळूहळू उमगत होतं.

"म्हणजे... हे दोन दिवस यांना जे होत होतं ते..."

मुलगी सिस्टरांकडे बघायलाही तयार नव्हती. अशक्तपणा म्हणून विषय मिटवता आला असता. दोन दिवसांपूर्वीचा भुगा कोण तपासणार होतं?

मोठ्या सिस्टर खाटेच्या डोक्याशी गेल्या, पाटी काढली, घडी घातली. "मी कुटून दिली काकू. न वाचता. दोन्ही दिवस मीच."

काकू बराच वेळ काकांचा हात चोळत राहिल्या. मग म्हणाल्या, "मीच तर गळ घातली होती तुम्हाला." आणि थोड्या वेळानं, डोळे पुसून, "पण ताई, एक सांगू? आमच्या दुकानात कापड कापलं ना, की प्रत्येक तुकड्यावर खडूनं गिऱ्हाइकाचं नाव घालायचे हे. बाहीवरसुद्धा. नाहीतर एकाची बाही दुसऱ्याला लागते म्हणायचे. तुम्ही तर औषध कापता!"

काका पलंगावरून काहीतरी बोलले. जड जिभेनं, पण समजलं. "कात्री... काढून घ्या... यांची."

सिस्टर हसल्या आणि हसता हसता रडल्या. मग त्यांनी चूक कळवायचा फॉर्म मागवला आणि जिथे नाव लिहायचं तिथे स्वतःचं नाव लिहिलं. मुलीला म्हणाल्या, "वही आण तुझी. आणि काय गं, देण्याची रीत कितव्या बोटावर येते?"

"पाचव्या."

"मला परत एकदा सगळी बोटं म्हणून दाखव."

दहा दिवसांनी काका घरी निघाले, काठी टेकत. सामान बांधताना काकूंची नजर माझ्यावर गेली. तोवर वॉर्डात प्रत्येक रुग्णासाठी वेगळ्या कुटायच्या पिशव्या आल्या होत्या, आणि कुटायचं तेही डॉक्टरांना विचारून, गरज असेल तरच. मी कोपऱ्यात पडून होतो. काकूंनी मला उचललं, पदरानं पुसलं आणि पिशवीत घातलं. "नाहीतरी टाकणारच ना? घरी याच्या गोळ्या, त्याच्या गोळ्या, होईल उपयोग."

माझ्या अंगावर काटा आला. त्या दिवशी टेबलावर आपटलो तेव्हा माझ्या तळाला केसाएवढी चीर पडली होती. तिच्यात ब्रश जात नाही. दोन नंबरची झोप, पाच नंबरची साखर, कुणाकुणाचं काय काय तिच्यात बसलंय. त्या माउलीच्या स्वयंपाकघरात, त्या माणसाच्या केळ्यात ते उतरणार! मी आयुष्यभर टाकला जाण्याला भ्यालो, पण त्या क्षणी एवढंच मागत होतो की कुणीतरी मला या पिशवीतून काढा.

मुलगी निरोपाला आली होती. तिनं पिशवीत डोकावलं आणि मला अलगद बाहेर काढलं, उजेडाकडे धरलं.

"काकू, हा नको. चीर गेलीय बघा. आणि काकांना आता कुटायचं काहीच नाहीये. पुढे कधी कुटावंसं वाटलं तर आधी फोन करा. मी नसले तर सिस्टरांना विचारा."

"बाई, किती गं जीव लावतेस एका दगडाला!" काकू म्हणाल्या.

"दगडाला नाही हो," ती म्हणाली.

आता मी फुटक्या सामानाच्या खोक्यात आहे. शेजारी एक कान तुटलेला कप, खाली बत्ता. उद्या गाडी येईल. मुलींनो, माझी आठवण म्हणून मला कपाटात ठेवू नका, माझ्यात पेनं खोचू नका. कुणीतरी एक दिवस पेनं काढील, फुंकर मारील आणि घाईत एक गोळी टाकील. मला तुमच्या हातानं फोडा, आणि तुकडे मोठे राहू देऊ नका.