महापौरांची हुर्यो

ब्रॅडिगन गावात महापौर व्हायचं तर एक गोष्ट आधी गिळावी लागते. एप्रिलमध्ये बेसबॉलचा मोसम सुरू होतो, पहिल्या सामन्याचा पहिला चेंडू महापौरानं टाकायचा असतो, आणि तो मैदानात आला रे आला की अख्खं स्टेडियम त्याची हुर्यो उडवतं. पक्ष कुठला का असेना! नदीवरचा पूल बांधला त्याची उडवली, पूल बंद केला त्याचीही उडवली. एका शहाण्यानं ते मनाला लावून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी पेपरात लांबलचक खुलासा दिला. पुढच्या वर्षी त्याला दुप्पट मिळाली. बरं, यात राग असतो म्हणावं तर तेवढा नसतोही. हिवाळाभर बर्फ उपसून माणसं वैतागलेली असतात, कुणावर तरी मोकळं व्हायचं असतं, आणि महापौर आयताच समोर उभा असतो.

हुर्यो सुरू होते ती उजव्या बाजूच्या स्वस्त बाकांवरून, आणि तिथं सुरू करायचा मान व्हर्ना हुडाकचा. सत्तरी ओलांडलेली बाई, दोन्ही गुडघे कामातून गेलेले, पण आवाज लावला की समोरच्या बाजूचे लोक माना वळवतात. नवरा पोलादाच्या कारखान्यात होता तेव्हापासून तिची जागा ठरलेली. तिनं आजवर एकाही महापौराला सोडलं नव्हतं. आणि गंमत बघा, गेल्या वर्षी महापौर होऊन मैदानात आला तो तिचाच मुलगा, रूडी.

"करू ना रे?" तिनं आदल्या दिवशी त्याला विचारलं होतं.

"नाही केलीस तर तुझ्याकडे जेवायला यायचा नाही मी," रूडी म्हणाला होता. तो त्याच बाकांवर बापाच्या खांद्यावर बसून ओरडायला शिकलेला. मग काय, व्हर्नानं सूर लावला, शेजारी तिची सून नोरीन तोंडात बोटं घालून शिट्ट्या मारत होती, आणि रूडीनं टोपी काढून कमरेत वाकून असा काही मुजरा केला की लोक चेकाळलेच.

जानेवारीत नोरीन गेली. सकाळी कॉफी ओतत उभी होती, डोक्यातली शीर फुटली आणि संपलं. मूलबाळ नव्हतं, दोघं होती ती एकमेकांना.

अंत्यविधीला रूडी चर्चच्या दारात उभा राहून येणाऱ्या प्रत्येकाचा हात हातात घेत "आलात, बरं वाटलं" म्हणत राहिला. रडला नाही. नंतरही नाही. दर रविवारी आईकडे यायचा, समोरचं पान चिवडायचा, भांडी घासून ठेवायचा आणि जायचा. व्हर्नाच्या जिवाला एकच घोर लागला होता. हा असाच कोरडा राहिला तर एक दिवस हाही जाईल, असं तिला वाटायचं, आणि ते ती कुणापाशी बोलायची नाही.

मार्चमधल्या एका रविवारी कोबीच्या पानात गुंडाळलेला खिमा काट्यानं ढकलत तो म्हणाला, "आई, मला आता कुणी शिव्याच देत नाही गं."

"म्हणजे?"

"म्हणजे काहीच नाही. सभेत मी काहीही मांडलं तरी मंजूर. तो म्हातारा पावेल, खड्ड्यांसाठी माझी कॉलर धरायचा बघ, काल भेटला तर बाहीला हात लावून गेला. सगळे हळू बोलतात माझ्याशी. जणू नोरीनबरोबर मीपण गेलोय."

व्हर्नाला वाटलं, दुःखानं बोलतोय बिचारा. शिव्या कुणाला हव्या असतात? उलट तिच्या डोक्यात दुसरीच भीती शिरली. एप्रिल तोंडावर आला. आता हा मैदानात उभा राहणार आणि सगळं गाव याच्यावर तुटून पडणार. तिथं कोसळला तर?

झालं, बाई कामाला लागली. बुधवारी चर्चच्या तळघरात बायका पिरोगी, म्हणजे बटाट्याच्या उकडलेल्या करंज्या, भरायला बसतात, तिथं तिनं विषय काढला. बारमध्ये जाऊन सांगून आली. शेजारच्या बाकावरच्या कॅझ बिएल्स्कीला, म्हणजे जन्मभर बस चालवून निवृत्त झालेल्या त्या बडबड्या माणसाला, तिनं दारात गाठलं.

"यंदा नको, कॅझ. माझ्यासाठी."

"अगं, हे सांगायला लागतं होय?" कॅझनं डोळे पुसले. "एक माणूस तोंड उघडणार नाही. मी बघतो ना!"

आणि त्यानं बघितलं. गावाचं हे असं आहे, एरवी एका गोष्टीवर एकमत व्हायचं नाही, पण हे सगळ्यांना पटलं. रूडीला मात्र कुणी काही बोललं नाही.

सामन्याच्या दिवशी ऊन होतं पण वारा बोचरा. व्हर्ना मांडीवर घोंगडी घेऊन बसली होती. एका बाजूला कॅझ, दुसऱ्या बाजूला ओडेसा टिब्स, शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झालेली तिची मैत्रीण. ओडेसा शेंगा सोलून तिच्या हातावर ठेवत होती, पण व्हर्ना त्या न खाता घोंगडीवर जमवत होती. भोंग्यातून नाव पुकारलं गेलं. महापौर रूडॉल्फ हुडाक.

रूडी बाहेर आला. कुणी हूं की चूं केलं नाही. मग कुठूनतरी टाळ्या सुरू झाल्या, हळू, जपून, आजाऱ्याच्या खोलीत वाजवाव्यात तशा. रूडी चालत मधल्या उंचवट्यावर गेला. समोर टीमचा कॅचर गुडघ्यावर बसून हातमोजा पुढे करून थांबला होता. रूडीनं चेंडू हातात घेतला आणि उजव्या बाकांकडे पाहिलं.

तो पाहतच राहिला. टाळ्या विरल्या. झेंड्याची दोरी खांबावर आपटत होती तेवढाच आवाज.

"टाकत का नाही गं तो?" ओडेसा कुजबुजली. "काय बघतोय इकडे?"

व्हर्नाला आता कळलं. एवढ्या मोठ्या मैदानात तिचं पोर एकटं उभं होतं, आणि हे तिनंच केलं होतं. दारोदार फिरून, हातापाया पडून तिनंच सगळ्या गावाला त्याच्यापासून लांब उभं केलं होतं. मीपण गेलोय, असं त्यानं तोंडानं सांगितलं होतं की तिला! आणि तिनं काय केलं, तर त्याला आणखी एक श्रद्धांजली वाहिली. मूर्ख बाई, ती स्वतःलाच म्हणाली, अगदी मूर्ख.

घोंगडी खाली पडली. कॅझचा खांदा धरून ती उभी राहिली, छातीत मावेल तेवढा श्वास घेतला आणि सूर लावला.

"बूऽऽऽऽऽ!"

माना वळल्या. पुढच्या रांगेतला एक माणूस लालबुंद होऊन उठला. "अहो बाई, लाज वाटते का काही? बायको गेलीय त्याची!"

"माहीत आहे मला. मी आई आहे त्याची," व्हर्ना म्हणाली. "आता तूही तोंड उघड. आणि कॅझ, तू काय बघतोस माझ्याकडे? ओरड!"

कॅझ क्षणभर गोंधळला. मग त्यानं मैदानाकडे पाहिलं, आणि त्याच्या ध्यानात आलं असावं, कारण त्यानं असा आवाज काढला की ओडेसाच्या शेंगा सांडल्या. ओडेसा उठली. मागची रांग उठली. मग जे उठलं ते सगळं स्टेडियमच. तीन महिने दाबून ठेवलेलं गाव ते, तुटूनच पडलं.

"रूडी, माझ्या गल्लीतले खड्डे बुजव रे चोरा!" हा पावेलच.

"हात आहे का भिजलेला पाव? टाक की!"

"कचऱ्याची गाडी कुठे मेली तुझी?"

उंचवट्यावर रूडीनं टोपी काढली. कमरेत वाकला, पार खाली. मग सरळ होऊन चेंडू टाकला, आणि तो कॅचरच्या कितीतरी अलीकडे मातीत आपटून भलतीकडेच घरंगळला. लोकांना आणखी काय हवं होतं? हुर्यो दुप्पट झाली.

रिवाजाप्रमाणे कॅचर हात मिळवायला पुढे आला. रूडीनं हात मिळवला नाही. त्यानं त्या अनोळखी, दांडग्या मुलाला मिठी मारली, तोंड त्याच्या खांद्यात खुपसलं, आणि त्याची पाठ गदगदू लागली.

"बघा, हसतोय लेकाचा!" पुढच्या रांगेतला तो माणूस खूश होऊन ओरडला.

व्हर्नानं आणखी जोरात सूर लावला. इतक्या लांबूनही तिला ती पाठ कळत होती. या गोंगाटात तो कितीही मोठ्यानं रडला तरी कुणाला ऐकू जाणार नव्हतं. आवाज थांबला असता तर मात्र सगळ्यांना ऐकू गेलं असतं.

शेजारी कॅझ धापा टाकत खाली बसायला लागला. "पुरे झालं गं आता," तो म्हणाला, "घसा गेला माझा."

"बसू नकोस," व्हर्ना म्हणाली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायलाही ती थांबली नाही. "त्याचं अजून झालं नाहीये. ओरड."