वरची कोरी ओळ

‘‘इतिहासापासून कोणीही लपू शकत नाही!’’ असं चौकशी आयोगाच्या अध्यक्षांनी घोषित केलं, आणि पुढची दहा मिनिटं आम्ही सगळे माजी पंतप्रधानांना शोधत इमारतभर फिरलो. ते दुसऱ्या मजल्यावर वाहन परवान्याच्या रांगेत सापडले. लिफ्ट तिथंच उघडली म्हणाले, रांग होती, म्हणून उभा राहिलो.

माझी ताई पहिल्या बाकावर बसली होती. युद्धाच्या तिसऱ्या आठवड्यात तिचा मुलगा गेला, त्याला पाच वर्षं झाली. तेव्हापासून ती एकच धोशा लावून होती. ‘‘मला एक नाव हवंय रे. हे कोणी ठरवलं, त्याचं. शिव्या द्यायला तरी माणूस नको का?’’ आज मिळेल, असं मी तिला सांगून आणलं होतं.

मी साक्षीदार होतो, कारण युद्धाच्या मंजुरीची फाइल सह्यांसाठी मी फिरवली होती. शुक्रवार होता, मंत्री आपापल्या बंगल्यांवर होते, म्हणून मी सायकलवरून दारोदार गेलो. आमच्याकडे रीत अशी, की आधी सही करणाऱ्यानं कागदाच्या तळाशी करायची. वरच्या ओळी मोठ्यांसाठी सोडायच्या. मत्स्यव्यवसाय मंत्र्यांचं घर माझ्या वाटेवर, म्हणून देशाचं युद्ध मत्स्यव्यवसायापासून सुरू झालं.

त्यांनी विचारलं होतं, ‘‘पंतप्रधानसाहेबांनी पाहिलंय ना?’’

‘‘साहेबांच्याच ऑफिसातून आलंय,’’ मी म्हणालो. खोटं नव्हतं ते. फाइलचा पुठ्ठा तिथलाच होता.

पुढच्या प्रत्येकानं खालची सही पाहिली आणि तिच्यावर आपली केली. संध्याकाळपर्यंत अकरा सह्या जमल्या, सगळ्यात वरची ओळ तेवढी कोरी राहिली. पंतप्रधानांनी कागद पाहिला, म्हणाले, ‘‘सगळ्यांचं ठरलंच आहे, तर मी कशाला मधे येऊ?’’ पहाटे तोफा सुरू झाल्या.

आता आयोगापुढे मत्स्यव्यवसाय मंत्री हात जोडून उभे होते. ‘‘मी सर्वांत खाली आहे हो. तळाचा माणूस काय ठरवणार?’’

त्यांच्या वरचे म्हणाले, खाली सही होतीच. त्यांच्याही वरचे तेच म्हणाले. असे एकेक करत दहा जण झाले. अकरावे वारले होते. त्यांच्यावर मात्र सगळ्यांनी एकमतानं बरंच ढकललं.

‘‘माझी सही दाखवा,’’ माजी पंतप्रधान शांतपणे म्हणाले. अध्यक्षांनी चष्मा बदलून कागद पाहिला. ओळ कोरीच होती.

मग माझी पाळी आली.

‘‘फाइल आधी कोणाकडे न्यायची, हे कोणी ठरवलं?’’

‘‘मीच. त्या बाजूला चढ नव्हता.’’

टंकलेखिकेनं ते टिपून घेतलं. त्या युद्धाबद्दल कोणी काही ठरवल्याची ती पहिलीच नोंद होती. अध्यक्षांचा चेहरा उजळला. आयोगाचं काम संपलं, म्हणाले.

बाहेर व्हरांड्यात ताई एका बाकावर बसली. मग म्हणाली, ‘‘म्हणजे एवढ्या मोठ्या देशात एकच सापडला. आणि तो माझा भाऊ.’’

‘‘ताई, मी फक्त...’’

‘‘गप्प बस. तुला शिव्या देऊन काय करू? लहानपणापासून देतेच आहे.’’

तेवढ्यात माजी पंतप्रधान आले आणि तिच्याच बाकावर टेकले. गाडी यायची होती. एकटेच होते, कॉलर झिजलेली. ताई माझ्याकडे बघून उठली आणि त्यांच्या समोर जाऊन उभी राहिली.

‘‘माझा मुलगा बावीस वर्षांचा होता,’’ ती म्हणाली. ‘‘कागद राहू द्या. आत कोणी लिहून घेत होतं, इथं कोणी नाही. तुम्ही नको म्हणाला असता, तर थांबलं असतं की नसतं?’’

त्यांनी वर पाहिलं. ओठ हलले. मला वाटलं, आता हा माणूस बोलणार. फाटकाशी हॉर्न वाजला.

‘‘ताई,’’ ते हळूच म्हणाले, ‘‘जरा हात देता का? उठताना गुडघे धरतात.’’