तिघांची खोली

पेंटरची बायको गेली हे त्याला कळलं तेव्हा तो एका दुकानाच्या पाटीवर 'उधारी बंद' लिहीत होता. बेकरीचा मुकादम सायकल हातात धरून समोर येऊन उभा राहिला. ती त्याच्या हाताखाली रात्रपाळीला पाव बांधायची. बांधता बांधता खाली बसली आणि उठलीच नाही, एवढंच त्याला सांगता आलं. पेंटरने 'बंद'मधला 'द' पुरा केला, ब्रश रॉकेलच्या डब्यात बुडवला, आणि मग आपण काय ऐकलं ते त्याच्या डोक्यात शिरलं.

राहती खोली बेकरीची होती. तिथे काम करणाऱ्यालाच मिळायची. बेकरीचा मॅनेजर भला माणूस. तो भेटायला आला, पेंटरपेक्षा जास्त रडला, आणि डोळे पुसून म्हणाला की खोली तेवढी दोन महिन्यांत मोकळी करून द्या.

घरात आता दोन माणसं उरली होती. एक पेंटर आणि दुसऱ्या त्याच्या सासूबाई. सासूबाईंना एकुलती एक मुलगी. तिचं लग्न झालं तेव्हा 'चार दिवस राहून जाते' म्हणून त्या आल्या होत्या. ते चार दिवस वीस वर्षं चालले होते. जावई आणि सासूचं फार सख्य होतं असं नाही. सासूबाईंना रंगाचा वास सोसत नसे आणि पेंटरला सासूबाईंचं बोलणं. मधे ती होती, म्हणून दोन्ही खपून जायचं.

तर आता घर शोधणं आलं. पेंटरला वाटलं, आपल्याला काय कठीण आहे? शहरातल्या निम्म्या घरमालकांच्या 'भाड्याने देणे आहे' या पाट्या तोच रंगवायचा. खोली रिकामी झाली की दलालाच्या आधी त्याला खबर. पाटीचं काम आलं की तो म्हणायचा, "हवा दमट आहे, रंग वाळायला वेळ लागेल," आणि पाटी वाळेपर्यंत सासूबाईंना घेऊन खोली बघून यायचा.

पहिली खोली जिन्याखाली होती. दाराशी माणूस उभा राहू शकत होता, मधे बसू शकत होता आणि शेवटी त्याला आडवंच व्हावं लागत होतं.

"सोय बघा," घरमालक म्हणाला. "दिवस सरत जातो तसं माणसाने आत आत सरकायचं."

भाडं ऐकल्यावर सासूबाई म्हणाल्या, "छत वाकलंय, भाडं मात्र ताठ उभं आहे!"

दुसऱ्या खोलीत मधोमध सगळ्या इमारतीची पाण्याची टाकी होती. मालक तिला फर्निचर म्हणत होता आणि तिचं वेगळं भाडं लावत होता.

तिसरी खोली चांगली निघाली. परवडणारीही होती. मालक नोकरीतून निवृत्त झालेला, चष्मा कपाळावर ठेवून बोलणारा.

"कोण कोण राहणार?"

"मी आणि या."

"या म्हणजे आई का?"

"सासूबाई."

"बरं. आणि बायको?"

पेंटर नखातला रंग काढू लागला. सासूबाई पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिल्या. मालकाने कपाळावरचा चष्मा नाकावर आणला.

"बायको नाही, पण सासू आहे? अहो, लोक सासू टाळायला घर बदलतात. तुम्ही सासू बरोबर घेऊन घर शोधताय. यात काहीतरी भानगड आहे. नको बाबा."

त्याच्यानंतरच्या सगळ्यांनी हेच ऐकवलं, कुणी गोड शब्दांत, कुणी दार लावून. एकट्या पुरुषाला खाट सहज मिळत होती. एका लांबलचक हॉलमध्ये ओळीने खाटा होत्या, दवाखान्यासारख्या. सासूबाई म्हणाल्या, "तुम्ही ती खाट घ्या. मी वृद्धाश्रमात जाते. माझं काय, आज आहे, उद्या नाही."

"हे वाक्य तुम्ही लग्नाच्या मांडवापासून ऐकवताय," पेंटर म्हणाला. "आणि त्या आश्रमात बोलायची वेळ ठरलेली आहे म्हणे. तुमचा गुदमरून जीव जाईल."

त्याला खरं जे म्हणायचं होतं ते म्हणायला जमलं नाही. ती गेल्यावर तिच्याबद्दल बोलायला जगात एकच माणूस उरलं होतं, आणि ते गमवायची त्याची तयारी नव्हती.

बेकरीच्या मॅनेजरने खोली सोडायची दुसऱ्यांदा आठवण करून दिली त्याच दिवशी एका मालकीणबाईंचं पाटीचं काम आलं. मजकूर असा: 'खोली भाड्याने देणे आहे. फक्त कुटुंबासाठी. एकटे पुरुष, एकट्या बायका, कुत्री, वाद्ये आणि भांडखोर माणसे नकोत.' फळी आखूड होती. पेंटर म्हणाला, भांडखोर माणसं तेवढी काढून टाकू. मालकीणबाईंनी त्याच्याशी कडाकडा भांडून ती ठेवायला लावली.

खोली वरच्या मजल्यावर होती. दोन खिडक्या, स्वयंपाकाला ओटा, ओट्याशी गळका नळ. भाडं पेंटरने दोनदा विचारलं. पहिल्यांदा त्याला वाटलं, आपण आठवड्याचं ऐकलं.

"माणसं किती?" मालकीणबाईंनी विचारलं.

"तिघं," सासूबाई म्हणाल्या.

त्यांना खोटं बोलायचं नव्हतं. वीस वर्षं त्यांनी तीन ताटं घेतली होती, तीन चादरींच्या घड्या घातल्या होत्या. विचारलं की तोंडातून तिघंच यायचं. आलं. मग त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी पदर तोंडाशी नेला. पेंटरने त्यांच्याकडे पाहिलं, खिडक्यांकडे पाहिलं.

"हो," तो म्हणाला. "तिघं."

"मग तिसरं कुठाय?"

"मुलगी माझी," सासूबाई पदराआडून म्हणाल्या. "बेकरीत रात्रपाळीला असते. दिवसा झोपते."

मालकीणबाईंचा चेहरा उजळला. "कमावती, दिवसा झोपणारी आणि रात्री बाहेर! असं माणूस दिवा घेऊन शोधलं तरी मिळायचं नाही. घ्या किल्ली. पाटी राहू दे."

रस्त्यावर आल्यावर पेंटर म्हणाला, "आई, काय हे केलंत?"

"माझी जीभ घसरली. तुम्हाला खोडता नाही आलं? पेंटर ना तुम्ही?"

"महिन्याभरात सांगून टाकू."

"सांगून टाकू," सासूबाई म्हणाल्या.

सामान आलं आणि मालकीणबाईंनी वरच्या झोपेची राखण सुरू केली. दुपारी कुणी जिन्यात मोठ्याने बोललं की त्या बाहेर यायच्या. "हळू! वर पोर झोपलीय." भंगारवाल्याला त्यांनी कोपऱ्यापर्यंत हाकललं. समोरच्या बिऱ्हाडाचा रेडिओ बंद केला. पेंटरला स्वतःच्याच घरात चवड्यांवर चालावं लागे, आणि सासूबाई उशीत तोंड खुपसून खोकत.

पाण्याचा आकार माणशी होता. सासूबाई दिवसातून दोनदा अंघोळ करू लागल्या. "तिच्या वाटणीच्या पाण्याचे पैसे भरतो ना आपण? मग सोडायचं कशाला?"

एक दिवस मालकीणबाई म्हणाल्या, "बेकरीतल्यांना पाव निम्म्या किमतीत मिळत असेल, नाही का? तिला सांगा, मलाही आणत जा." झालं. पेंटर रोज उजाडताना त्याच बेकरीच्या खिडकीशी रांगेत उभा राहायचा, पुऱ्या किमतीला पाव घ्यायचा आणि घरी येऊन निम्म्या किमतीला द्यायचा. आठ दिवसांत इमारतीतली सगळी बिऱ्हाडं पाव मागू लागली.

"इतका तोट्यातला धंदा मी जन्मात पाहिला नाही," सासूबाई म्हणाल्या.

"तरी जिन्याखालच्या खोलीपेक्षा स्वस्त पडतं," पेंटर म्हणाला.

महिना उलटला. सांगायचं निघालं की काहीतरी आडवं यायचं. कधी मालकीणबाई चिडलेल्या असत, कधी खुशीत. चिडलेल्या असताना सांगवत नसे आणि खुशीत असताना तर मुळीच नाही.

मग एका संध्याकाळी, वरची कामाला गेली असेल अशा बेताने, मालकीणबाई स्वतः वर आल्या. पेंटर खिडकीशी पाटी घासत होता. त्या सासूबाईंसमोर ऐसपैस बसल्या.

"काल सकाळी भेटली हो तुमची मुलगी. जिन्यात."

सासूबाईंचा हात भाजीच्या विळीवर थांबला. "भेटली?"

"भेटली म्हणजे काय! चांगल्या गप्पा झाल्या. समजूतदार पोर. मी म्हटलं, बाई गं, महागाई बघ कुठे चाललीय. तर म्हणते, खरं आहे मावशी, भाडं वाढवा तुम्ही, आमची काही हरकत नाही."

पेंटरचा हात पाटीवरच राहिला. आता सगळं बाहेर येणार असं त्याला वाटलं. एका वाक्याचं काम होतं. त्या वाक्याने मालकीणबाई खोट्या पडल्या असत्या आणि हे दोघं रस्त्यावर आले असते.

सासूबाईंनी विळी बाजूला सारली.

"कशी दिसत होती?"

"अं? कशी म्हणजे... बरी होती की. जरा दमलेली."

"काही खाल्लं होतं तिने?"

"नाही बाई. म्हणाली, घरी जाऊन जेवते."

सासूबाईंनी मान हलवली. बराच वेळ हलवत राहिल्या. मग त्यांनी पदर खोचला.

"जेवली ती. जेवता जेवता मला म्हणाली, आई, मालकीणबाई भेटल्या. फार भला जीव आहे. म्हणाल्या, यंदा भाडं वाढवत नाही, आणि तो गळका नळ या आठवड्यात नीट करून देते."

"मी? मी असं म्हटलं?"

"मग माझी मुलगी खोटं बोलते का?"

"खोटं कोण म्हणतंय! पण नळाचा विषयच निघाला नाही."

"म्हणजे भाड्याचं तसं म्हणालात."

"भाड्याचं तिनेच काढलं, वाढवा म्हणून!"

"ती? अहो, माझी मुलगी दुकानात कोथिंबिरीची काडी जास्त मागून घेते. ती भाडं वाढवा म्हणेल? आणि मावशी तर ती सख्ख्या मावशीलाही म्हणाली नाही. दुसरीच कुणी भेटली असेल तुम्हाला."

"तीच होती! मला काय भाडेकरू ओळखू येत नाही?"

दोघींनी दिवेलागणीपर्यंत रण माजवलं. पेंटर बघत राहिला. जिच्याशी दोघींपैकी कुणीही बोललं नव्हतं, तिच्या शब्दाचा कीस पडत होता. ती असं म्हणाली, नाही, ती तसं म्हणाली. इतक्या दिवसांत घरात तिचं नाव एवढ्या मोठ्याने कुणी घेतलं नव्हतं. शेवटी मालकीणबाई थकल्या. भाडं आहे तेवढंच राहील, नळाचा खर्च त्या करतील, पण पाव उद्यापासून दोन जास्त, असं ठरलं.

दारातून वळून त्या म्हणाल्या, "चिवट आहे हो तुमची मुलगी. हाताला काही लागू देत नाही."

"आहेच मुळी," सासूबाई म्हणाल्या.

दार लागलं. सासूबाई भिंतीला टेकून हसायला लागल्या. हसताना त्यांचे खांदे हलत होते, आणि हसणं थांबलं तरी ते हलायचे थांबेनात. पेंटरने पाण्याचा तांब्या पुढे केला.

"जावईबापू, घरी जाऊन जेवते म्हणाली."

"ऐकलं मी."

तो त्यांच्याजवळ जमिनीवर बसला. बराच वेळ दोघांपैकी कुणी दिवा लावला नाही.

"उद्या सांगून टाकू का त्यांना?" त्याने विचारलं.

"नळ होऊ दे," सासूबाई नाक पुसत म्हणाल्या.

नळ झाला. मालकीणबाईंना अजून सांगितलेलं नाही.