सातवा शर्ट

मी एक शर्ट बोलतोय. निळा, सुती, खालचं एक बटण तुटलेला. शिंप्याकडून आलो तो थेट कपाटाच्या तळाशी गेलो. आमचे मालक दातांचे डॉक्टर. त्यांनी तीन दिवसांच्या साल्सा महोत्सवासाठी सात शर्ट भरले, तेव्हा सातवा म्हणून माझा नंबर लागला.

"तीन दिवसांना सात?" बायकोनं विचारलं.

"अगं, घामाच्या धारा लागतात तिथे. खरे नाचणारे तासातासाला शर्ट बदलतात."

हे ज्ञान मेव्हण्याचं. तो दरवर्षी जातो आणि उरलेलं वर्ष तेच सांगत बसतो.

डॉक्टर वर्षभर क्लासला गेले होते. पेशंट खुर्चीत आ वासून पडलेला असायचा आणि यांचे पाय खाली एक-दोन-तीन मोजायचे. पण महोत्सवाच्या हॉलमध्ये शिरले आणि सगळं अवसान गळालं. अनोळखी बाईसमोर हात पुढे केला आणि ती सगळ्यांदेखत 'नको' म्हणाली तर? दाढ उपटताना न कापणारा तो हात घामेजला. तेवढाच काय तो घाम.

दोन दिवस ते भिंतीला टेकून उभे. दिवसातून तीनदा हॉलबाहेरच्या बेसिनवर जायचं, छातीवर ओंजळभर पाणी मारायचं आणि मेव्हण्यासमोरून हाशहुश करत शर्ट बदलायला निघायचं!

"दाजी, पेटलात की तुम्ही!" मेव्हणा ओरडायचा. तो स्वतः नाचताना आरशात दहादा बघायचा, समोरच्या बाईकडे एकदाही नाही.

माझी सहा भावंडं एकेक करून ओली होऊन बॅगेत परतली. मला त्यांची लाजच वाटली.

तिसऱ्या दिवशी दुपारी, शेवटच्या सत्राला, माझी पाळी आली. डॉक्टरांनी नळाला हात घातला, तोच शेजारी हात धुणाऱ्या बाई बोलल्या. निवृत्त नर्स होत्या, गुडघ्याला पट्टा बांधलेला.

"अहो, तीन दिवस बघतेय. तुमचे शर्ट पुढूनच भिजतात. नाचणाऱ्याची आधी पाठ भिजते."

आता आ वासायची पाळी डॉक्टरांची होती.

"मला कुणी विचारत नाही. पट्टा बघतात आणि पुढे जातात," त्या म्हणाल्या. "करा हात पुढे."

डॉक्टरांनी हात पुढे केला. नाचले मात्र भयंकर. दोनदा बाईंच्या पायावर पाय दिला, दोनदा शिव्या खाल्ल्या. पण तिसऱ्या गाण्याला माझी पाठ चिंब झाली, आणि मला फार बरं वाटलं.

आता आम्ही घरी आहोत. बायको वॉशिंग मशीनपाशी एकेक शर्ट हुंगून बघतेय.

"अहो, सहांना घामाचा वासच नाही. हा एकच घामट. तीन दिवस केलंत काय तिथे?"

"तीन गाणी नाचलो," डॉक्टर म्हणाले.

तिला हसू आवरेना. हसत हसतच तिनं मला उचललं आणि पाणी सोडलं. पुन्हा नळ!

मालकीणबाई, त्या सहांना खुशाल धुवा, त्यांना पाण्याची सवय आहे. मला आजचा दिवस तरी घाणेरडा राहू द्या.