मागे जाणारं घड्याळ

...आणि ती पांढरी पेपरमिंटची गोळी तबकडीत पडली, एकदा उडाली, पहिल्या गोळीला टेकून थांबली. दोन. ऋजुताने बोटही लावलं नाही. पेरुंगुडीतल्या ऑफिसच्या त्या सहाव्या मजल्यावर सकाळचे दहा वाजत होते. पण टेबलावरच्या औषधाच्या डबीत रात्रीचे आठ वाजले होते, तेही दुसऱ्यांदा, कारण तिथे किती वाजले हे आज ऋजुता ठरवत होती.

म्हाताऱ्या माणसांना वेळेवर गोळी देणारी डबी; चाचणीपुरती औषधाऐवजी पेपरमिंटं भरलेली. आधी तिच्या प्रोग्रामात जागोजागी, त्रेचाळीस ठिकाणी, यंत्रालाच विचारलेलं असायचं – किती वाजले? मग चाचणी घ्यायची म्हणजे आठ वाजायची वाट बघत बसायचं. कधी पास, पडद्यावर हिरवी; कधी नापास, लाल. आणि नापास झाली की सगळे म्हणत, पुन्हा चालव, होईल हिरवी... व्हायचीही. ऋजुताने ते त्रेचाळीस प्रश्न एकेक करून काढून टाकले. आता डबीने विचारायचं नाही. वेळ तिला बाहेरून द्यायची. लोकांच्या घरी खरं घड्याळ देईल, इथे ऋजुताचं. आणि ऋजुताचं घड्याळ आपणहून चालत नसे. ढकललं तेवढंच पुढे जाई. आणि मागे.

त्या ‘मागे’वरून महिनाभर वाद. “काळ कधी मागे जातो का?” उपेंद्रने, तिच्या वरिष्ठाने, सगळ्यांसमोर विचारलं होतं. काळ नाही जात, घड्याळं जातात, ती म्हणाली होती. डबीतलं घड्याळ स्वस्तातलं, चार दिवस नेट नसलं की पुढे पळणारं. आठ वाजले म्हणून ते गोळी देतं, तेवढ्यात नेट येतं, खरी वेळ कळते, घड्याळ चार मिनिटं मागे सरकतं – आणि आठ पुन्हा वाजतात...

“दोन पडल्या मा,” वसंतामामी म्हणाल्या होत्या. वेस्ट मांबलममध्ये ऋजुता त्यांच्याच वरच्या मजल्यावर भाड्याने राहते. तंजावरकडच्या मराठी घरातल्या, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, साखरेचा आजार. डबी त्यांच्याकडे वापरून बघायला ठेवलेली. “मी डोळ्यानं बघितले. दोन.” त्यांनी दुसरी घेतली नाही, पदराच्या टोकाला बांधून ठेवली. कंपनीने तक्रार नोंदवली आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं : वापरणाऱ्या बाईंना आठवत नाही. गेल्या आठवड्यात ऋजुताने विषय काढला तर मामी भिंतीकडे बघत म्हणाल्या, “असू दे. माझंच डोकं गेलं असंल.”

असंल... हा शब्द ऋजुताच्या ओळखीचा होता. कॉलेजात लंबकाच्या प्रयोगात गुरुत्वाकर्षणाचं तिचं उत्तर आलं नऊ पूर्णांक सहा. बाकीच्यांनी नऊ पूर्णांक आठ आधी लिहून उलटं गणित केलं होतं. पुन्हा मोज, सर म्हणाले, यायला हवं तेच येईल. तिने तीनदा मोजलं, तीनदा सहा लिहिलं, मार्क गेले – आणि तेव्हापासून इतकी वर्षं, काही मोजलं की मागून तो आवाज : माझंच चुकलं असेल...

“झालं का?” उपेंद्र खुर्ची ओढून बसला. “डबी पास म्हणून सही कर. साडेदहाच्या आत पाठवू. शुक्रवार आहे.”

“राहुकाळ?”

“हसू नकोस.”

“सांगलीत असताना कुठे होता हो तुमचा राहू?”

“तिथे त्याला माझा पत्ता माहीत नव्हता.” तो हसला, मग पडद्याकडे बघून हसायचा थांबला. “तीनशे बारा हिरव्या आहेत, ऋजुता.”

“एक लाल आहे.”

“ती तुझ्याच घड्याळाने लाल केलीय! ते मागे जाणं काढून टाक, सगळं हिरवं. पुढच्या खेपेला बघू.”

“पुढच्या खेपेपर्यंत ही डबी दोन हजार घरांत असेल. सगळेच पदराला बांधतील असं नाही.”

“एका म्हातारीच्या सांगण्यावरून?”

“नाही.” तिने घड्याळ पुन्हा चार मिनिटं मागे घेतलं, मग पुढे ढकललं. टप्प. तिसरी. पुन्हा मागे. टप्प. चौथी. कधी पास कधी नापास नव्हे. दर वेळी, हमखास, त्याच क्षणी. “मोजून.”

“मी वर काय सांगू?”

“मी सही करत नाही, हे सांगा. माझ्या नावानिशी.”

तो उठला, फोन कानाला लावून काचेपलीकडे गेला. दुसऱ्या कुणाची सही घेतील... घेतीलही. साडेदहा झाले असतील किंवा नसतील. तिने एक पेपरमिंट तोंडात टाकलं, थंड, झोंबणारं, आणि सवयीने मागच्या त्या आवाजाची वाट बघितली. आला नाही. तेव्हा लंबकाचा दोरा मोजताना तिची चूक झाली असेलही, कुणास ठाऊक. पण नऊ पूर्णांक सहा आलं होतं, आणि जे आलं तेच तिने लिहिलं होतं. संध्याकाळी मामींना सांगायचं होतं – खरंच दोन पडल्या होत्या. काचेपलीकडे उपेंद्र हातवारे करत होता. ऋजुताने घड्याळ चार मिनिटं मागे घेतलं, आणि या वेळी, आठ वाजायच्या आधी, ते तिथेच उभं राहू दिलं.