डाव्या हाताची नदी

भूगोलाच्या सरांचा उजवा हात लुळा पडला, तेव्हा ‘खडू सुटला, शिकवणं संपलं’ म्हणत ते घरी बसले. त्याच शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या मुलीने त्यांच्यापुढे टॅबलेट ठेवला.

“बाबा, डाव्या बोटाने नदी काढा.”

पहिली नदी उंदराच्या शेपटीसारखी आली. सर चिडले, पण हट्टाला पेटून रोज गिरवत राहिले.

शेवटी ते वर्गात परतले. बोट फिरलं तशी पडद्यावर डोंगरातून नदी उतरली आणि वळणं घेत समुद्राला मिळाली.

“सर, आता धरण बांधा ना,” एक मुलगी म्हणाली.

“मी कशाला? तूच बांध.”

पूर्वी पोरं नकाशा नुसता उतरवून घ्यायची. आज घंटा झाली तरी टॅबलेटभोवतीची गर्दी हटेना, आणि सरांचा ऊर भरून आला.